झिंगोलाच्या बाटलीतलं पाणी

परभणीत उन्हाळ्यात ओळखीचं माणूस भेटलं की ते तब्येत विचारत नाही, 'पाणी आलं का' विचारतं. आमच्या घरात हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नसे, कारण पाणी हीच आमच्या घरची नोकरी होती. झरीच्या रस्त्याला 'नंदनवन' नावाची करमणुकीची बाग होती. तिथल्या बोअरची मोटर बाबा चालवायचे आणि तिथल्याच पाणपोईवर माय बसायची. बाबा जमिनीतून पाणी वर काढायचे, माय ते लोकांच्या ओंजळीत घालायची, आणि उरलेल्या वेळात दोघंही 'तुमचं काम सोपं' म्हणून एकमेकांना डिवचायचे. मोटर जळाली की बाबा घरात मयत झाल्यासारखे गप्प बसायचे. मग माय त्यांच्यापुढे भाकरी आणि येसराची आमटी ठेवायची आणि म्हणायची, "खावा आता. मोटर मेली, तुमी जिते हाव की."

हे नंदनवन म्हणजे आधी आप्पांची जिनिंग. आप्पा आमच्या भागातले मोठे कापूसवाले, दर निवडणुकीला उभे राहणारे. जिनिंग बंद पडल्यावर त्यांनी कुठल्याशा मोठ्या शहरातली अशी एक बाग पाहिली आणि परत येऊन सरकीच्या गोदामात भूतबंगला काढला. वखारीत वेडेवाकडे दाखवणारे आरसे लावले, वजनकाट्याच्या जागी माणसांना गरगर फिरवणारा टोराटोरा बसवला आणि मधोमध आकाशपाळणा उभा केला. भूतबंगल्यात जुन्या कापसाची धूळ इतकी उडायची की माणसं किंचाळण्याऐवजी शिंकत बाहेर यायची. तरी लोकांनी नंदनवन डोक्यावर घेतलं. रविवारी ताडकळसपासून, पालमपासून माणसं एसटीनं यायची, फडक्यात धपाटे बांधून आणायची, आकाशपाळणा वर गेला की आपलं गाव दिसतं का बघायची, आणि नाही दिसलं तरी 'ते बघ आपलं शेत' म्हणून पोरांना दाखवायची.

आमची वस्ती बागेच्या मागच्या भिंतीला लागूनच. पाळण्याच्या करकरण्यावर मी बारावीचा अभ्यास केला. दुपारी पाळणा थांबला की मला झोपेतून जाग यायची. माय भल्या पहाटे चूल पेटवायची, तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजाबरोबर बाबांचं खोकणं सुरू व्हायचं आणि पाठोपाठ भिंतीपलीकडून मोटरची घरघर. उन्हाळ्यात आमच्याकडे ज्वारीची आंबील असायची, ताक घालून, वर ठेचलेला लसूण आणि जिरं. ती पिऊन आम्ही तिघं भिंतीच्या फटीतून बागेत शिरायचो. फाटकातून जायला वळसा पडतो असं बाबा म्हणायचे. खरं म्हणजे फाटकावरचा शंकर तिकीट फाडताना स्वतःच्या आईलासुद्धा ओळख दाखवत नसे.

पाणपोई म्हणजे कडुनिंबाखाली वाळूत अर्धे पुरलेले दोन मोठे रांजण, त्यांना गुंडाळलेली ओली गोणपाटं आणि पाण्यात सोडलेली वाळ्याची जुडी. माय एका पाटावर बसायची, हातात लांब दांड्याचं ओगराळं. आलेला माणूस वाकला की त्याच्या ओंजळीत बारीक धार धरायची, आणि त्यानं मान हलवली की नेमकी थांबवायची. एवढ्याशा कामाचा तिला इतका गर्व होता की मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही. तिच्या माहेरी, ताडकळसजवळच्या खेड्यात, ती लहान असताना आमच्या लोकांनी विहिरीला हात लावायचा नसे. घागर घेऊन लांब उभं राहायचं आणि कोणाला तरी दया येऊन तो वरून ओतेल याची वाट बघायची. तिच्या आईनं बुद्धाची दीक्षा घेतली तरी विहिरीनं काही घेतली नव्हती. त्या बाईची लेक आता परभणीत पाटावर बसून अख्ख्या जिल्ह्याला पाणी पाजत होती. "पगार कुटं बी भेटल गं," माय म्हणायची, "पर माज्या हातचं पाणी लोक पितेत, ते कुटं भेटल?" तिची सगळी मिळकत ती हीच मानायची.

सगळे प्यायचे असं मात्र नव्हतं. झरीच्या सरूबाई दर रविवारी नातवंडांना घेऊन यायच्या. मोठ्या शेतीवाल्या घरच्या, स्वभावानं गोड बाई. मायच्या शेजारी सावलीत टेकायच्या, तिच्या गुडघ्याचं विचारायच्या, माझ्या लग्नाची काळजी करायच्या, आणि पाणी मात्र घरून आणलेल्या तांब्यातलं प्यायच्या. कधी एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. तहान लागलेली असायची, तांब्या संपलेला असायचा, तरी पदरानं वारा घेत 'आता निघतेच' म्हणायच्या. मायही कधी 'घ्या' म्हणाली नाही. दोघी तास-तास गप्पा मारायच्या आणि दोघींच्या मधे ते दोन रांजण थंडगार बसलेले असायचे.

अशा या नंदनवनात एके दिवशी टायवाला साहेब आला. परभणीच्या उन्हात गळ्याला टाय बांधून हिंडणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो, त्यामुळे त्याचं नाव कोणीच विचारलं नाही. तो झिंगोला नावाच्या थंड पेयाच्या कंपनीचा, पुण्याकडचा, पंचवीस-सव्वीसचा, गोरागोमटा आणि सतत उत्साहात. त्यानं आप्पांना सांगितलं की तुमची बाग आम्ही फुकट रंगवून देतो, पाळणे दुरुस्त करून देतो, फक्त आमचं नाव राहू द्या. आप्पांना फुकट या शब्दापुढचं ऐकू येत नसे. आठवड्यात रंगारी आले आणि त्यांनी झिंगोलाच्या जांभळ्या रंगानं आकाशपाळणा रंगवला, छोटी रेल्वे रंगवली, बाकं, कचऱ्याचे डबे, झाडांचे बुंधे रंगवले. भूतबंगल्यातल्या सांगाड्याच्या हातात झिंगोलाची बाटली आली. मेल्यावरही माणसाला झिंगोला लागतो, असा त्याचा अर्थ असावा. पुरुषांच्या मुतारीवर 'सौजन्य: झिंगोला' असं सुबक अक्षरात लिहिलं गेलं, आणि त्या एका ठिकाणी मात्र कार्यकारणभाव मला पटला. आमच्या कडुनिंबाचा पाला तेवढा हिरवा राहिला, कारण शिडी पोचली नाही.

आता मी पालमला मास्तरीण आहे, निवृत्तीला फार दिवस उरले नाहीत. माझ्या वर्गातल्या वेळापत्रकाच्या तक्त्यावर बिस्किटाची जाहिरात आहे. घोटभर पाणी प्यायला सुटलेली पोरं ज्या टाकीपाशी जातात, तिच्यावर कुठल्या तरी बँकेचं नाव आहे. गेल्या वर्षी शाळेत वृक्षारोपण झालं तेव्हा रोपाहून पाटी मोठी होती. रोप मेलं, पाटी टवटवीत आहे. नव्या शिक्षिकांना यात काही वाटत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांनी रंग ओला असताना पाहिलेला नाही.

रंग वाळल्यावर करार निघाला. आप्पांनी तो सही करून झाल्यावर वाचला. बागेच्या हद्दीत झिंगोलाशिवाय दुसरं कोणतंही पेय विकू, वाटू किंवा मांडू नये, असं त्यात होतं. उसाच्या रसाचा गाडा गेला, गोटी सोडा गेला, ताकवाली मावशी गेली. मग टायवाला साहेब कडुनिंबाखाली येऊन रांजणांकडे बघत उभा राहिला. पाणी हे पेय आहे की नाही, यावर त्यानं, आप्पांनी आणि बाबांनी बराच खल केला. बाबांचं म्हणणं होतं की पाणी पेय असेल तर हवा पण खाद्यपदार्थ धरा. साहेबानं शेवटी कंपनीच्या मुंबईच्या मोठ्या ऑफिसला फोन लावला. दोन दिवसांनी तिकडून उत्तर आलं की पाणी हे स्पर्धक पेय आहे.

"कुणाशी सपर्धा लावली मी?" मायनं विचारलं.

"तुमचं काही नाही हो मावशी," साहेब खरोखर अजिजीनं म्हणाला. "फुकट पाणी असलं की लोक विकत घेत नाहीत, एवढंच. समजून घ्या."

आप्पांना तिच्याकडे बघवेना. ते बोअरकडे बघत बोलले, "पगार चालू ऱ्हाईल तुजा. झाडलोट बग. दोन पैशाचा फरक पडायचा न्हाई."

"पैशाचं कोण बोलायलंय आप्पा?" माय म्हणाली. पण तोवर आप्पा निघून गेले होते. रांजण उपटून आमच्या अंगणात आणून ठेवले. वाळूत दोन खड्डे राहिले, त्यांवर झिंगोलाचं शीतकपाट बसवलं. पुढच्या रविवारी सरूबाई आल्या, त्यांनी ते बघितलं, एक बाटली घेतली आणि तिथंच उभ्या उभ्या संपवली. "मशिनीत भरत्यात म्हनं ह्ये," त्या मायला सांगत होत्या, "कुणाचा हात लागत न्हाई. लय सोय झाली बाई." माय खराटा घेऊन उभी होती. त्या रात्री तिनं भाकरी थापल्या त्या सगळ्या कडेला फाटल्या, आणि बाबा त्या तशाच खात राहिले.

आणि याच दिवसांत मी बाटलीत गेले. कंपनीनं 'झिंगू' नावाचं सोंग पाठवलं होतं: फोमची जांभळी बाटली, तिला हसरं तोंड, दोन मोठे डोळे आणि खाली माणसाचे पाय. ते सोंग कुठल्या ठेंगण्या माणसाच्या मापानं शिवलं होतं देव जाणे. वस्तीतली पोरं त्यात शिरून बघायची आणि गुडघ्यापर्यंत उघडी राहायची. मी शिरले आणि बरोबर बसले. बारावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता, आणि खरं सांगायचं तर मला हौस होती. बाबा म्हणाले, "शिकून सवरून पोरगी बाटलीत?" मग मी झिंगू होऊन एप्रिलच्या उन्हात बागभर नाचू लागले. आत चुलीवर ठेवलेल्या पातेल्यागत उकाडा असायचा, बघायला तोंडापाशी जाळीची एक चौकट. पोरं पोटात गुद्दे मारायची, म्हातारी माणसं हात जोडायची. एक आजोबा तर पाया पडता पडता राहिले. नक्की कोणता देव आहे हे नातवाला विचारावं म्हणून ते थांबले.

सोंगामागून खरी बाटली आली. फायबरची, दुमजली घराएवढी, क्रेननं फाटकाच्या आत उभी केली. तिला सगळीकडून बघता यावं म्हणून बागेची बाजूची भिंत थोडी पाडली. आता आमच्याकडे उंच आणि गोल असं जे काही उभं राहतं, ती पाण्याची टाकीच असते, दुसरं काही उभं राहिल्याचं कोणाच्या बघण्यात नाही. क्रेन जायच्या आत वस्त्यांमधून बातमी फिरली की नगरपालिकेनं टाकी बांधली. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा बाटलीपासून निघून पडक्या भिंतीतून थेट रस्त्यापर्यंत घागरींची रांग लागली होती. माणसं नव्हतीच. नंबर लावायला घागर ठेवायची आणि घरी कामाला जायचं, ही आमची रीत. लाल, निळ्या, पिवळ्या प्लॅस्टिकच्या घागरी, मधे एखादा दगड घातलेला डबा. टायवाला साहेब हरखून गेला. त्यानं चहूबाजूंनी फोटो काढले आणि कंपनीला पाठवले. वर मथळा लिहिला: 'ग्रामीण भागातून झिंगोलाला उत्स्फूर्त प्रतिसाद.' बायका घागरी उचलायला आल्या तेव्हा त्यानं हसत समजावलं, "मावशी, ही टाकी नाही. जाहिरात आहे."

"मंग पाणी कदी सोडणार?" एकीनं विचारलं.

गंमत अशी की पाणी आलंच. बाटली आतून पोकळ, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे वावटळी सुटतात. पहिल्याच वावटळीला बाटली डोलायला लागली. तिच्याबरोबर आलेल्या कारागिरानं सांगितलं की पोटात वजन पाहिजे, पाणी भरा. मग बाबांनी दोन दिवस मोटर चालवून ती गळ्यापर्यंत भरली. बुडाशी पाणी सोडायला एक तोटी होती, तिची चावी बाबांच्या खिशात. म्हणजे बागेत प्यायला पाण्याचा थेंब नाही, आणि डोळ्यांसमोर हजारो लिटर पाणी बाटलीच्या वेषात उभं. बाबा घरी येऊन हे सांगताना हसले. माय हसली नाही. "किती पाणी हाय म्हनला?" एवढंच तिनं विचारलं.

मग जयंती आली. आमच्याकडे नुसतं जयंती म्हटलं की कोणाची हे विचारावं लागत नाही. त्या वर्षी ती रविवारी होती. जयंतीला रस्त्यावर कोणी तहानलेला जाऊ द्यायचा नाही, ही वस्तीची शपथ. चौकाचौकात पाण्याच्या टाक्या, सरबताची पातेली, खीर, बुंदी. दरवर्षी आमच्या मंडळाचं सरबत बागेत असायचं, माय आणि वस्तीतल्या बायका ते वाटायच्या. साहेबानं मंडळाच्या पोरांना सांगितलं की सरबत नको, आम्ही तुम्हाला कमान देतो. पोरं कमानीला भाळली. कमान लागल्यावर बघतो तर तिच्यावर फोटोहून बाटलीचं चित्र मोठं. वस्तीतल्या बायकांनी पोरांना असं काही फैलावर घेतलं की तासाभरात कमानीवरच्या त्या बाटलीवर निळं कापड चढलं. तरी तिचं बूच वर राहिलंच, लपलेल्या पोराचं डोकं दिसतं तसं.

दुपारपर्यंत बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या साड्या, निळे फेटे, कडेवर पेंगलेली लेकरं, आणि रविवार म्हणून आलेली खेड्यापाड्यांची माणसं वेगळीच. मी झिंगू होऊन नाचत होते. आणि वीज गेली. भारनियमन काही जयंती बघत नाही. पाळणे थांबले, शीतकपाटं बंद पडली, अर्ध्या तासात झिंगोला गरम झाला. गरम झिंगोला प्यालेल्या माणसाचं तोंड तुम्ही बघितलं नसेल. मी जाळीतून शेकड्यानं बघितली. खोकल्याच्या औषधात गूळ विरघळवला तर तशी चव लागेल. पुढच्या तासात तोही संपला. पोरं रडायला लागली. पाळण्यापाशी एका बाईला घेरी आली, तिला सावलीत निजवलं, आणि कोणी तरी ओरडलं, "पाणी आणा की कुणीतरी!"

पाणी कुठून आणणार? वीज नाही म्हणजे मोटर नाही. माय खराटा टाकून बाबांपाशी गेली आणि हात पुढे केला. बाबांनी एकदा आप्पांच्या खोलीकडे बघितलं आणि चावी तिच्या तळहातावर ठेवली. ती वस्तीकडे पळाली, ओगराळं आणि बादली घेऊन आली, बाटलीच्या बुडाशी बसली आणि तोटी सोडली. आधी घेरी आलेल्या बाईला पाणी गेलं. मग लेकरांना. मग रांग लागली. साहेब धावत आला. "मावशी, हे काय करताय? ते वजनासाठी आहे! बाटली हलकी होईल! करार आहे!" मायनं मान वर केली नाही. समोर वाकलेल्या म्हाताऱ्याच्या ओंजळीत तिची धार चालू होती. आप्पाही आले. रांगेकडे बघितलं, साहेबाकडे बघितलं, आणि पुढल्या निवडणुकीचा विचार करून रांगेत उभे राहिले.

त्या रांगेत सरूबाई होत्या. तीन नातवंडं, रिकामा तांब्या, तोंड उन्हानं लाल झालेलं. त्यांचा नंबर आला. मायनं ओगराळं भरलं, आणि मी फोमच्या आतून जाळीला डोळे लावले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दोघींच्या मधे काही उरलं नव्हतं. सरूबाईंनी ओगराळ्याकडे बघितलं, मग मायकडे बघितलं आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "तू कामून तरास घेतीस? मीच धरते की तोटीखाली." त्या बाजूला सरकल्या, तोटीखाली ओंजळ धरली आणि पोटभर प्यायल्या. नातवंडांना पाजलं. तोंड पुसत वर बाटलीकडे बघून समाधानानं म्हणाल्या, "बाटलीतलं हाय. चालतंय."

तेच बोअर, तीच मोटर, तेच पाणी. वर्षानुवर्षं रांजणात नासलेलं होतं, बाटलीत जाऊन पवित्र झालं. मला वाटलं माय आता काही तरी बोलेल. ती हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग उघड, मग इतकी की ओगराळं हातातून सुटून बादलीत पडलं. सरूबाईही हसल्या, काय झालं ते न कळता. मला हसू आलं नाही. मला त्या गोड बाईचा इतका राग आला की अजूनही तो पुरता गेलेला नाही, त्या जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

संध्याकाळपर्यंत बाटली रिकामी झाली आणि डोलायला लागली, तेव्हा तिला मारक्या बैलासारखे चार बाजूंनी दोर बांधले. बाबांची आणि मायची नोकरी गेली असं आम्ही धरून चाललो होतो. पण कोणी तरी त्या रांगेचा फोटो काढला होता, तो पेपरात आला, वर बाटली आणि खाली तहानलेली शेकडो माणसं. मुंबईला तो इतका आवडला की आठवड्यात फाटकावर नवी पाटी लागली: 'झिंगोला जलसेवा. तहान तुमची, काळजी आमची.' ज्या कंपनीनं पाणी स्पर्धक ठरवून हाकललं होतं, तिला आता ते आपल्या पोटचं वाटायला लागलं. बाबांना बाटली रोज भरण्याचं काम मिळालं. आणि साहेब स्वतः मायकडे आला. तिची जागा तिला परत द्यायला.

बाटलीच्या बुडाशी जांभळा तंबू, जांभळं स्टूल. माय घरून ओगराळं घासून घेऊन आली. ती किती खूश होती हे तिच्या चालण्यावरून मला बाटलीच्या आतूनही कळत होतं. कितीतरी दिवसांनी तिनं केसांना तेल लावलं होतं. पेपरवाले आले होते, पोरांचा घोळका माझ्याभोवती होता, लोक ओंजळी करून उभे होते. साहेबानं तिला जांभळी साडी दिली, ती तिनं बघून मांडीवर ठेवली. मग त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून पांढरे हातमोजे काढले.

"हे कशाला?" मायनं विचारलं.

"घालायचे मावशी. कंपनीचा नियम आहे. पाणी वाटताना हाताचा स्पर्श नको."

मायनं मोजे हातात घेतले आणि उलटसुलट करून बघितले. लोक ओंजळी करून उभेच होते.

"मोजे तुमी घाला सायेब," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "इटाळ तुमाला होतोय. मला न्हाई."

"विटाळ?" साहेब खरोखर गोंधळला. "विटाळ कसला मावशी? स्वच्छता हो, स्वच्छता! सगळ्यांसाठीच नियम आहे."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. हे वाक्य आमच्या घरात किती पिढ्यांनी ऐकलंय, हे त्याच्या पुण्याच्या कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं आणि ते आपण शिकायला हवं होतं असंही त्याला कधी वाटणार नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला माझा हात फोमच्या आत वर येत नव्हता, आणि बाहेर पोरं माझ्या हसऱ्या तोंडाकडे बघून टाळ्या पिटत होती.

मायनं साडी स्टुलावर ठेवली. त्यावर मोजे ठेवले. ओगराळं उचललं आणि फाटकाकडे चालू लागली. मी आतून 'माय, थांब' म्हणून ओरडले, पण फोममधून आवाज बाहेर जात नव्हता. मग मी पळाले. बाटली पळायला लागलेली बघून पोरं किंचाळत मागे लागली. अगदी फाटकात मी तिला गाठलं आणि पाठ वळवून उभी राहिले. तिला कळलं. तिनं ओगराळं काखेत धरलं, फोममध्ये चाचपून चेन शोधली आणि कमरेपर्यंत ओढली. वारा लागला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी किती भिजलेय. तिनं दोन्ही तळहातांनी माझं तोंड पुसलं, कपाळ, डोळे, मान, सगळं. मी पायातून सोंग उतरवलं आणि ते तिथंच हसत पडलं. पाठीमागून आलेलं एक पोरगं 'झिंगू मेली' म्हणून भोकाड पसरून रडायला लागलं.

फाटकावरच्या शंकरनं आमच्याकडे बघितलं, त्या पडलेल्या बाटलीकडे बघितलं आणि तिकिटांचा गठ्ठा खिशात घालून ती उचलायला वाकला.

"अरं शंकर, थांब," माय त्याला म्हणाली. "तसाच हात नको लावू तिला. मोजे घाल आदी."